पहिली इलेक्ट्रिक गिटार: यामाहा पॅसिफिका ०१२, ठाण्याचा पावसाळा धरून

"आधी अकूस्टिकवर बोटं तयार कर, मग इलेक्ट्रिकचं बघ" हा सल्ला गिटार घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मिळतो. मलाही मिळाला. इतके महिने पॅसिफिका ०१२ वाजवल्यावर मी ठामपणे सांगते, ज्याला इलेक्ट्रिकच वाजवायची आहे त्याने सरळ इलेक्ट्रिक घ्यावी. इलेक्ट्रिकवर सहसा ९-४२ चा सेट असतो, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकवर हीच तार बहुतेक वेळा ०.०११ किंवा ०.०१२ इंचाची असते. कागदावर किरकोळ वाटणारा हा फरक बोटांच्या टोकांना पहिल्याच आठवड्यात कळतो. ऐरोलीचं ऑफिस, संध्याकाळची ट्रान्स-हार्बर लोकल, घरी आल्यावर स्वयंपाक आणि मग हाताशी उरलेला अर्धा-पाऊण तास, असा ज्यांचा दिवस आहे त्यांना बोटं दुखून गिटार कोपऱ्यात पडणं परवडणारं नाही.

बजेट गिटारपुरतं वीस हजारांच्या आत ठेवलं होतं. या पट्ट्यात साधारण तीन नावं सारखी समोर येतात: फेंडरच्या घरातली स्क्वायर, यामाहाची पॅसिफिका आणि इबानेजची जिओ. व्हिडिओ बघून यातलं काही ठरत नाही. धोबी तलावला फुर्ताडोजमध्ये जाऊन तिन्ही हातात घेतल्या आणि निर्णय तिथेच झाला. माझा पंजा लहान आहे, आणि पॅसिफिकाच्या नेकभोवती (गिटारच्या लांब मानेभोवती) अंगठा आरामात बसला. लेस पॉल आकाराची गिटार दिसायला मला फार आवडते, शिवाय तिची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, थोडी कमी, २४.७५ इंच, म्हणजे त्याच तारा जरा सैल लागतात. पण मांडीवर घेतल्यावर वजन जाणवलं. पॅसिफिकाची स्केल फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलसारखीच २५.५ इंच आहे. फेंडरने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हा तिची बॉडी पोटाला आणि हाताला टोचू नये म्हणून मागून-पुढून उतरती केली होती. तोच विचार आज स्वस्तातल्या गिटारवरही मिळतो, आणि पलंगावर बसून वाजवणाऱ्याला त्याची किंमत कळते.

०१२ वर पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) तीन: ब्रिजकडे, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या बाजूला, हंबकर (दोन कॉइलचा), मधला आणि नेककडचा सिंगल कॉइल. पाच जागांचा स्विच, एक व्हॉल्यूम, एक टोन. नवशिक्याला हे पुरेसं आहे, कारण पुढे आपल्याला काय वाजवावंसं वाटेल ते आज माहीत नसतं. डिस्टॉर्शन लावून पॉवर कॉर्ड मारायच्या तर हंबकर, मोकळ्या स्वच्छ कॉर्डना नेकचा पिकअप. मी जास्त वेळ नेकवरच असते.

आता मुद्द्याचं. गिटारइतकंच महत्त्व सेटअपला, म्हणजे तारांची उंची आणि नेकचा बाक जुळवून घेण्याला, द्या आणि त्यासाठी हजार-दीड हजार आधीच बाजूला काढून ठेवा. गिटार कुठल्याही कंपनीची असो, कारखान्यातून निघून गोदामं आणि हवामानं बदलत आपल्याकडे येईपर्यंत लाकूड थोडंफार हलतंच. नौपाड्यात एक दुरुस्ती करणारे दादा आहेत, त्यांच्याकडे मी पहिल्याच महिन्यात गेले. त्यांनी बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या कडा) स्टीलची पट्टी उभी धरली आणि म्हणाले, "ताई, हे बघा, जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या वर आहे. पावणेदोनला आणू." मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, किती फट उरते ते दाखवलं. तिथून एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं, एवढीच फट हवी. ती जास्त होती, म्हणून ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक बदलणारी आतली सळई, पाव फेऱ्याएवढा आवळला. पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

शेवटी सूर जुळवणं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक काढायचा, मग तिथेच तार दाबून वाजवायची. दोन्ही स्वर ट्यूनरवर सारखे दिसले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो छोटा तुकडा) मागे घ्यायचं, उतरा असेल तर पुढे. सहा तारांना मिळून वीस मिनिटं लागली. घरी येऊन एफ बार कॉर्ड (पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवून) धरली तर सहाही तारा बोलल्या. आधी पहिल्या बोटाखालच्या दोन तारा कायम मुक्या राहायच्या आणि मला वाटायचं जोर कमी पडतोय. नवशिके सोडून देतात ते बऱ्याचदा याच टप्प्यावर, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या हातात नुसत्या तारा उंच असलेली गिटार असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ट्यूनिंगबद्दल थोडं. या प्रकारच्या ब्रिजला ट्रेमोलोचा, म्हणजे तारा क्षणभर सैल करून स्वर हलवायचा, दांडा लावता येतो. कुठल्याही गिटारवर दांडा दाबत राहिलं की तारा नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकून सूर सोडतात. सुरुवातीला त्याची गरज नाही, मी काढून कव्हरच्या खिशात ठेवला आहे. तारा बदलताना नटच्या खाचांत शिसपेन्सिल फिरवायची, ग्राफाइटमुळे तार सहज सरकते. फ्लॉइड रोज पद्धतीचा तरंगता ब्रिज असलेली गिटार मात्र पहिली म्हणून कृपया घेऊ नका. तिथे एक तार तुटली की बाकी पाचही सूर सोडतात.

ॲम्पमधून, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यातून, येणारी घरघर हा नव्याने घेणाऱ्यांना घाबरवणारा प्रकार. सिंगल कॉइल आजूबाजूची वीज ऐकतो, आपल्याकडे ती ५० हर्ट्झची. माझ्या खोलीत पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असला की आवाज वाढतो, पंखा फुल केला की कमी होतो. लॅपटॉपचा चार्जर काढला, ॲम्पपासून दोन पावलं लांब सरकलं आणि बसायची दिशा जरा फिरवली तरी बराच फरक पडतो. हंबकरवर स्विच नेला की घरघर जवळजवळ गायब. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर गिटारचं अर्थिंग ठीक आहे. हाताला झिणझिण्या येत असतील तर मात्र तिथेच थांबा, ॲम्प बंद करा आणि प्लग पॉइंटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या सोसायट्यांमध्ये हे नक्की करा.

ॲम्प घेताना वॅट बघू नका, हेडफोनचं भोक बघा. फ्लॅटमध्ये दहा वॅटसुद्धा डोईजड होतात. शेजारच्या काकूंच्या मुलीची यंदा दहावी आहे, त्यामुळे माझा सगळा सराव हेडफोनवर. आणि रात्री अकरानंतर तर केबलही लावत नाही. भरीव बॉडीची गिटार नुसती वाजवली तर बंद दाराबाहेर ऐकू येत नाही. वेळ कमी असणाऱ्यांसाठी इलेक्ट्रिकचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही.

पावसाळ्यात तारांनी पटकन हाय खाल्ली. जुलैत बारीक तारांवर करडे ठिपके, बोट सरकवलं की खरखर. आता वाजवून झालं की प्रत्येक तार सुती कपड्यात चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत पुसते, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकते आणि गिटार बाहेरच्या भिंतीला टांगत नाही, कारण ती भिंत ओल धरते. ऑगस्टमध्ये नेकचा बाक किंचित बदलून पाचव्या फ्रेटपाशी तार फ्रेटला घासायला लागली होती. दादांनी ट्रस रॉड जरासा सैल केला आणि ते मिटलं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत एकदा दाखवून आणणार आहे.

गिटार, ॲम्प, केबल, पट्टा असं सगळं एकत्र देणारे कॉम्बो सेट स्वस्त पडतात. माझ्या मामेभावाने असाच एक घेतला. केबल लवकरच खरखरायला लागली आणि ॲम्पला हेडफोनची सोय नाही, त्यामुळे त्याचा सराव फक्त रविवारी दुपारी होतो. त्यापेक्षा त्याच पैशांत वापरलेली गिटार मिळत असेल तर जरूर बघा, ठाण्यात आणि नवी मुंबईत भरपूर विकायला येतात. जाताना स्टीलची पट्टी, ट्यूनर आणि स्वतःची केबल न्या. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, पाचही जागांवर स्विच फिरवा, नॉब फिरवताना खरखर येते का ऐका. नेक टोकाकडून डोळ्यासमोर धरून पिळलेली नाही ना ते बघा, आणि ट्रस रॉडचा नट फिरतो का हे पैसे देण्याआधी विकणाऱ्यालाच फिरवून दाखवायला सांगा.