उद्यमनगरातले किल्लीवाले मिस्त्री: गाडीची मोडलेली किल्ली आणि माझे साडेनऊशे रुपये

शुक्रवारी सकाळी सव्वाअकराला दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीच्या किल्लीचं डोकं माझ्या हातात आलं आणि पातं इग्निशनमध्येच राहिलं. मागच्या सीटवर आबा, म्हणजे माझे सासरे, डोळे मिटून बसले होते. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांचं डायलिसिस असतं, चार-चार तासांचं. ते झालं की बीपी उतरतं, पाय लटपटतात, उन्हात पाच मिनिटंसुद्धा उभं राहवत नाही. कागल ते कोल्हापूर वीसेक किलोमीटर. एसटी भरपूर आहेत, पण अशा माणसाला घेऊन एसटीत चढायचं कसं? आमच्या घरात ही गाडी आहे ती आबांच्या डायलिसिससाठी. ती बंद पडली की आमचं सगळंच अडतं. त्यामुळे त्या क्षणी माझे हातपाय गळाले, हे लिहायला मला काही वाटत नाही.

गाडीचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यात गाडीचा दोष नव्हता. २०१५ ची पेट्रोल गाडी, साधी काळ्या डोक्याची किल्ली, रिमोट वेगळा. गेले दोन-तीन महिने किल्ली फिरवताना अडायची, जोर लावावा लागायचा. आणि मी त्याच कडीत घराच्या दोन किल्ल्या, कपाटाची एक, गोठ्याच्या कुलपाची एक आणि अंबाबाईचं पितळी पदक अडकवलं होतं. मूठभर वजन ते, आणि गाडी चालताना सतत हिंदकळणार.

चार लोक जमले, चार सल्ले मिळाले. एक जण पक्कड घेऊन आला. एकाने फेविक्विकचा थेंब लावून डोकं पात्याला चिकटवायचं सुचवलं. मी सगळ्यांना नको म्हटलं आणि सर्व्हिसिंग जिथे करते त्या वर्कशॉपला फोन लावला. त्यांचं उत्तर असं की गाडी टो करून आणा, किल्ली मागवावी लागेल, आठ-दहा दिवस धरा, लॉकचा पूर्ण सेट बदलायची वेळ आली तर आठ-नऊ हजार. त्यांची पद्धत तशी असेल, पण पुढचा मंगळवार चार दिवसांवर होता. तेवढ्यात डायलिसिस विभागातला टेक्निशियन मुलगा खाली चहाला आला, त्याने हकिगत ऐकली आणि मोबाईलमधून एक नंबर काढून दिला. ‘उद्यमनगरातले मिस्त्री आहेत. माझ्या मोटरसायकलची त्यांनीच केली होती.’ आबांना त्याने परत वर नेऊन रिकाम्या खाटेवर आडवं केलं. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही.

मिस्त्री पंचवीस मिनिटांत स्कूटरवरून आले. साठीच्या आसपासचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पत्र्याची पेटी पायाशी. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, ‘ताई, आत काय घातलं न्हाई न्हवं? तेल, गोंद, काय?’ नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग निम्मं काम झालं.’

पुढची दहा मिनिटं मी शेजारच्या सीटवर बसून बघत होते. पातं अर्धवट फिरलेल्या जागी अडकलं होतं, आणि तसं असताना ते ओढून निघत नाही. किल्ली बाहेर येते ती फक्त बंदच्या खाचेत. त्यांनी बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर पात्याच्या तुटक्या तोंडावर टेकवून हळूच मागे फिरवलं, ‘टक’ आवाज आला. मग एक नरम शिसपेन्सिल काढली, तिचं शिसं ब्लेडने खरवडलं आणि ती पूड कागदाच्या घडीतून भोकात सोडली. कुलपात तेल घातलं की धूळ चिकटून महिन्याभरात पुन्हा जाम होतं, म्हणून शिसं. शेवटी हॅक्सॉच्या पात्याला घासून घासून केलेली एक पट्टी, गवताच्या पात्याइतकी बारीक, टोकाला उलटा काटा. ती पात्याच्या दात्यांच्या बाजूने आत सरकवली, जरा पिळली आणि ओढली. दोनदा सटकली. तिसऱ्यांदा पात्याचा तुकडा दोन मिलिमीटर बाहेर आला, तो त्यांनी चिमट्याने धरला आणि सावकाश काढून माझ्या तळहातावर ठेवला.

मग चष्मा लावून त्यांनी मला तुटलेली कड उजेडात धरून दाखवली. निम्मी कड काळपट, मळलेली, निम्मी चांदीसारखी चकचकीत. काळपट भाग म्हणजे जुनी चीर, त्यात किती दिवसांची धूळ-तेल बसलेलं. चकचकीत भाग तेवढा आज तुटलेला. म्हणजे ही किल्ली कित्येक आठवडे निम्म्या जाडीवरच काम करत होती. मी रोज हातात धरत होते आणि मला दिसलं नव्हतं, कारण चीर बरोबर प्लास्टिकच्या डोक्यात जिथे पातं शिरतं तिथेच होती. आपापली किल्ली आत्ता उजेडात धरून ती जागा बघा, हे मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटले आहे.

पात्याचं मशीन दुकानात, म्हणून त्यांच्या मागोमाग रिक्षाने उद्यमनगरात गेले. शिवाजी उद्यमनगर कोल्हापूरकरांना सांगायला नको. कोल्हापूरच्या कारखानदारीतले जुने नामवंत कारागीर म्हादबा मेस्त्री, त्यांचं नाव घेणारा हा भाग, कास्टिंग, लेथ, इंजिनांचे सुटे भाग, सगळीकडे लोखंडाच्या किसाचा वास. बागल चौकाच्या बाजूने आत शिरलं की एका वेल्डिंगच्या दुकानाला चिकटून सहा बाय आठचं खोकं आहे, त्यावर ‘किल्ल्या करून मिळतील’ एवढीच पाटी. आत तिन्ही भिंतींवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, शेकड्याने. बसायला एक स्टूल, तेही त्यांनी मला दिलं.

मला वाटलं होतं की दोन तुकडे जुळवून मशीनवर लावतील आणि नक्कल काढतील. मशीन तसंच असतं, एका बाजूला जुनी किल्ली, तिच्या दात्यांवरून एक टोक फिरतं, आणि दुसऱ्या बाजूला कोऱ्या किल्लीवर चाक तसंतसं कापत जातं. त्यांनी तसं केलं नाही. व्हर्निअरने प्रत्येक खाचेची खोली मोजली आणि वहीत आकडे मांडले. नऊ वर्षं वापरलेल्या किल्लीचे दाते झिजलेले असतात. तिची हुबेहूब नक्कल म्हणजे झिजेचीही नक्कल, मग नवी किल्लीसुद्धा पहिल्या दिवसापासून अडणार. खाचा ठरावीक मापांच्या पायऱ्यांनीच असतात, म्हणून झिजलेल्या आकड्यावरून मूळचा आकडा धरता येतो. ते मूळ आकड्याला कापतात. हे मला माहीतच नव्हतं. यापूर्वी मी बाजारातून ज्या दोन-तीन डुप्लिकेट किल्ल्या करून घेतल्या, त्या का अडायच्या ते तिथे उमगलं.

मग जुन्या डोक्याचं प्लास्टिक त्यांनी कडेने चिरलं आणि आतून एक लांबट काळा तुकडा काढला, अर्ध्या चिंचोक्याएवढा. ती चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या भोवती तारेचं एक कडं असतं, किल्ली फिरवली की त्या कड्यातून चिपला वीज मिळते, ती आपला नंबर सांगते, आणि नंबर पटला तरच गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालू ठेवतो. नाही पटला तर स्टार्टर फिरतो, पण इंजिन धरत नाही, किंवा क्षणभर धरून मरतं. म्हणून नुसतं पातं करून चालत नाही. मागे एका गिऱ्हाइकाने दुसरीकडे नवं पातं-डोकं करून घेतलं आणि जुनं डोकं कचऱ्यात टाकलं, चिपसकट. दार उघडायचं, गाडी चालू व्हायची नाही. हे सांगताना मिस्त्रींचा आवाज असा झाला होता की नुकसान त्यांच्याच घरचं व्हावं. ‘आवं, चार हजाराची वस्तू घंटागाडीत गेली.’ माझी चिप त्यांनी नव्या डोक्यातल्या खाचेत बसवली, हलू नये म्हणून सिलिकॉनचा थेंब लावला आणि डोकं बंद केलं.

परत दवाखान्यात आले. किल्ली लावली, लोण्यात सुरी जावी तशी फिरली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला, इंजिन लागलं. पावणेदोनला आम्ही कागलच्या रस्त्याला होतो आणि आबा मागून म्हणाले, ‘जेवायला उशीर झाला गं तुला.’

पैसे: जागेवर येऊन तुकडा काढायचे ३००, पातं आणि डोकं ६५०. एकूण ९५०. मी हजार दिले तर पन्नास परत केले.

आता ज्या गोष्टीवर मी त्यांच्यावर चिडले होते ती. पुढच्या आठवड्यात मी घरची दुसरी किल्ली घेऊन गेले. ती कमी झिजलेली, तिच्यावरून माझ्या किल्लीचे आकडे त्यांना पडताळायचे होते. मीच म्हटलं की तिसरी एक चिपसकट करून द्या, आबांच्या पुतण्याकडे ठेवायला. त्यांनी आरसी बुक मागितलं. गाडी माझ्या नवऱ्याच्या नावावर, ते सैन्यात, सध्या जम्मूला. मिस्त्री म्हणाले, मग नाही जमणार. मी म्हटलं, गेल्या आठवड्यात तुम्हीच माझी किल्ली केली. ते म्हणाले, ‘ती मोडलेली हुती ताई, गाडीत तुमचं सासरं हुतं. चिप तुमचीच, तुमच्याच हातात परत दिली. ही नवी हाय.’ चिप जोडायची म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या किल्लीची ओळख करून द्यायची, आणि तशी किल्ली एकदा बाहेर गेली की गाडीच गेली. मला राग आला, दोन शब्द बोललेसुद्धा. शेवटी नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, त्यांनी आधार दाखवलं, आरसीचा फोटो पाठवला, तेव्हा वहीत गाडी नंबर, नाव, मोबाईल, तारीख लिहून घेतली आणि माझी सही घेतली. घरी येईपर्यंत माझा राग उतरला होता. या कामात असाच माणूस हवा, कारण आमची गाडी रात्रभर उघड्या अंगणात उभी असते.

त्या तिसऱ्या किल्लीचे १,८०० झाले. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला हातात मावेल एवढं यंत्र लावून पंधरा मिनिटांत नोंद झाली. तेवढ्यात एक कॉलेजचा मुलगा फ्लिप किल्ली घेऊन आला, बटण दाबलं की पातं उघडतं ती. आतली पिन निसटून पातं लुळं पडलेलं. त्याने ऑनलाइन नवं कव्हर मागवलं होतं, पण त्यातल्या पात्याची खोबण वेगळीच निघाली. मिस्त्रींनी जुन्याच कव्हरला नवी पिन ठोकून दिली, ५० रुपये घेतले आणि ते ऑनलाइनचं कव्हर परत करून टाक म्हणाले. नवं कव्हर विकायला त्यांच्याकडेही होतं, पण विकलं नाही.

उणिवाही लिहिते. पहिल्या दिवशी केलेली किल्ली इग्निशनला आणि दाराला छान लागली, पण घरी आल्यावर डिकी उघडेना. पुन्हा वीस किलोमीटर जावं लागलं. त्यांनी एका खाचेवर कानस दोनदा फिरवली, काम झालं, पैसे घेतले नाहीत, पण पेट्रोल आणि अर्धा दिवस माझा गेला. पहिल्याच दिवशी निघण्याआधी तिन्ही कुलपं लावून बघायला हवी होती, हे त्यांनीही मान्य केलं. पक्कं बिल मिळत नाही, साध्या कागदावर लिहून देतात. विम्याच्या दाव्याला तो कागद चालेलसं मला वाटत नाही. किल्ली बदलण्याचं संरक्षण विम्यात जादा पैसे भरून घेता येतं, ते ज्यांनी घेतलंय त्यांनी आधी कंपनीला विचारूनच मग इकडे यावं. बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांच्या स्मार्ट किल्ल्या ते करत नाहीत, सेल बदलून देतात तेवढंच. आणि फोन उचलत नाहीत, दोनदा-तीनदा लावावा लागतो, कारण मशीनचा आवाज चालू असतो.

त्यांनी घरी एक वस्तू शोधायला सांगितली होती. गाडी नवी घेताना किल्ल्यांबरोबर बऱ्याचदा एक छोटी पत्र्याची टिकली मिळते, तिच्यावर किल्लीचा नंबर असतो. आमच्याकडे ती वॉरंटीच्या पुस्तकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत नऊ वर्षं तशीच पडून होती. सगळ्या किल्ल्या हरवल्या तर त्या नंबरावरून पातं कापता येतं. मी तिचा फोटो काढून नवऱ्याला पाठवलाय आणि टिकली देवघराच्या खणात ठेवलीय.

किल्ली आता एका साध्या कडीत एकटीच असते. अंबाबाईचं पदक आरशाला बांधलंय.

जाणार असाल तर: सोमवारी बंद, बाकी दिवशी दहा ते सात. मालकाचं आधार आणि आरसी सोबत हवं. दुसरी किल्ली असेल तर तीही न्या, आणि गाडी घेऊनच जा. निघण्याआधी इग्निशन, दार आणि डिकी, सगळ्यांना किल्ली त्यांच्यासमोर लावून बघा.