खाऱ्या हवेतला ड्रायर: हीटर बदलण्याआधी भिंतीबाहेरची झडप बघा

ड्रम फिरतो, टायमर पुढे सरकतो, आणि तासाभराने कपडे काढावेत तर गार आणि ओले. कोकण किनाऱ्यावर व्हेंटेड ड्रायर, म्हणजे दमट हवा पाइपने घराबाहेर सोडणारं कपडे वाळवायचं यंत्र, वापरणाऱ्यांना जुलै-ऑगस्टमध्ये हा अनुभव नवा नाही. सर्व्हिस सेंटरचं उत्तरही ठरलेलं असतं: हीटर असेंब्ली बदला, जमलं तर पीसीबीही (यंत्राचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलून घ्या. आमच्याकडे आलेलं कोटेशन तेच होतं, हजारांतलं. मल्टिमीटर लावला तर हीटर ठणठणीत. उडाला होता तो थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा, काही शेकड्यांत मिळणारा, बोटाच्या पेराएवढा भाग. तो का उडाला हे मात्र भिंतीबाहेर गेल्यावर कळलं. गरम दमट हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडावरच्या झडपेची पिन गंजली होती आणि झडप जेमतेम बोटभर उघडत होती.

यंत्राचे वॅट, किलो, प्रोग्रॅम हे सगळं सगळ्यांना माहीत असतं, त्यात जात नाही. या झडपेबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण समुद्राकाठी ड्रायरचं आयुष्य तिच्यावर ठरतं आणि माहितीपुस्तकात तिला दोन ओळींपलीकडे जागा नसते.

व्हेंटेड ड्रायर खोलीतली हवा ओढतो, हीटरवरून ड्रममध्ये नेतो आणि लिंट (कपड्यांतून सुटणारा तूस) अडवणाऱ्या फिल्टरमधून पाइपने बाहेर फेकतो. बाहेरची वाट तुंबली की हवा रेंगाळते आणि हीटरजवळचं तापमान चढतं. आधी थर्मोस्टॅट हीटर बंद-चालू करत राहतो, त्यामुळे कपडे वाळायला दीडपट-दुप्पट वेळ लागतो. याच टप्प्यावर सावध व्हायचं. दुर्लक्ष झालं तर शेवटी थर्मल फ्यूज उडतो, आणि तो एकदा उडाला की परत जोडला जात नाही, बदलावाच लागतो. वाट मोकळी न करता नुसता फ्यूज बदलला तर नवाही उडतो. फ्यूज काढून वायर थेट जोडून देणारे कारागीर भेटतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. आत साठलेलं लिंट म्हणजे सुकं कापूस-तूस असतं, आग लागायला तेवढं पुरतं.

झडप समुद्राकाठीच इतकी का अडकते? मीठ हवेतलं पाणी ओढतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा थर विरघळून खारं पाणी होतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे लोखंडी पिन आणि स्प्रिंग चार महिने मिठाच्या पाण्यातच बसलेली. त्यात आतून येणारं ओलं लिंट चिकटतं आणि वाळून कडक गठ्ठा होतो.

स्प्रिंगची झडप असेल तर ती काढून टाका. स्वतःच्या वजनाने मिटणारी, प्लास्टिकची पिन असलेली प्लास्टिकची झडप लावा, वर पावसापासून आडोसा देणारा हूड हवा. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ चालतो, पण समुद्र अगदी समोर असेल तर त्यावरही तपकिरी डाग पडतात. तोंड पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला ठेवू नका. पावसाळी वारा तिकडूनच येतो आणि हलकी झडप दाबून धरतो. पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत मिळाली तर एक वळण जास्त गेलं तरी चालेल. पालीसाठी, उंदरांसाठी म्हणून जाळी बसवायचा मोह होतो. जाळी नको, लिंटने ती काही आठवड्यांत बंद होते. ड्रायर बंद ठेवायच्या दिवसांत बाहेरून टोपण लावा आणि प्लगला लाल चिंधी बांधून ठेवा, म्हणजे टोपण न काढता कुणी यंत्र सुरू करणार नाही.

तपासणी सोपी आहे. रिकामा ड्रायर गरम हवेवर लावून बाहेर जा. झडप जवळजवळ आडवी उघडली पाहिजे आणि वीतभर अंतरावर हाताला जोर जाणवला पाहिजे. नसेल तर पाइप यंत्रापासून सोडवून, खिडक्या उघड्या ठेवून ओल्या कपड्यांची एक फेरी चालवा. कपडे नेहमीच्या वेळात वाळले तर दोष पाइपात किंवा झडपेत आहे, यंत्रात नाही. सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी हे केलंच पाहिजे.

पाइप १०० मिलिमीटरचा, शक्यतो सरळ, कडक धातूचा. अ‍ॅकॉर्डियनसारखा फॉइलचा पाइप फक्त यंत्रामागच्या हातभर जोडापुरता ठेवा. त्याच्या प्रत्येक घडीत लिंट आणि पाणी साठतं. एक काटकोनी बेंड म्हणजे हवेच्या दृष्टीने साधारण दीड मीटर सरळ पाइप. घरगुती ड्रायरचा ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) लहान असतो, म्हणून एकूण लांबी दोन-तीन मीटर आणि एक बेंड एवढ्यात भागवा. पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार द्या, मीटरमागे दोन सेंटिमीटर, म्हणजे आत साठलेलं पाणी यंत्राकडे परत येत नाही. जोडाला आतपर्यंत घुसणारे स्क्रू लावू नका, त्यांच्या टोकांवर लिंट अडकतं. क्लिप आणि अ‍ॅल्युमिनियम टेप पुरते. प्लंबर पीव्हीसी पाइप सुचवतो, तो नको. गरम हवेने तो मऊ पडतो.

हीटर खरंच गेलाय का, हे बघायचं असेल तर प्लग काढून मागचं झाकण उघडा. आधी फ्यूजची एक वायर सोडून मल्टिमीटरवर कंटिन्यूइटी (वीज आरपार जाते का ते) बघा. बीप आला नाही तर फ्यूज गेला. मग हीटरचा रोध मोजा: २००० वॅटच्या हीटरला सुमारे २६ ओहम, १००० वॅटच्या कॉइलला सुमारे ५३. आकडा याच्या आसपास असेल तर कॉइल शाबूत आहे. मग टोकावरचे लग, म्हणजे वायर जोडायची धातूची टोकं, नीट बघा. लग निळसर-काळा पडलेला, त्यालगतची वायर कडक, इन्सुलेशन तडकलेलं दिसलं तर खाऱ्या हवेने जोड सैल केला आहे. तिथे रोध वाढतो, जोड तापतो, आणखी सैल होतो. काळी पडलेली वायर एक-दोन सेंटिमीटर कापा, निकेल प्लेटिंगचा उष्णता सोसणारा लग क्रिंपिंग टूलने दाबा, पक्कडीने नाही. वायर कमी पडत असेल तर फायबरग्लास किंवा सिलिकॉन इन्सुलेशनचीच जोडा. साधी पीव्हीसी वायर हीटरजवळ टिकत नाही. हाच प्रकार भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये होतो. फेरी संपल्यावर लगेच प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट बदला.

तक्रार "सुरू केला की आरसीसीबी पडतो" अशी असेल तर कारण निराळं. आरसीसीबी म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. नळीच्या हीटरमध्ये कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते आणि ती दमटपणा शोषते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ड्रायर पडून राहिला की पहिल्याच दिवशी करंट बॉडीवर गळतो आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आपलं काम करतो. साध्या मीटरवर हे दिसत नाही. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावून हीटर आणि अर्थमधला रोध बघावा लागतो. तो एक मेगाओहमच्या खाली असेल तर हीटर काढून भट्टीत १२० अंशांवर काही तास सुकवला की बहुतेक वेळा सुधारतो. सुधारला नाही तरच नवा घ्या. आरसीसीबी बाजूला ठेवून दहा मिनिटं चालवून सुकवू, असं कुणी म्हणालं तर त्याला यंत्राला हात लावू देऊ नका. हे टाळायचा उपाय एकच आणि सोपा: बंद महिन्यांतही दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं रिकामा, गरम हवेवर चालवायचा.

सेन्सरने ओल ओळखून आपोआप थांबणाऱ्या ऑटो प्रोग्रॅमबद्दल पावसाळ्याच्या सुरुवातीला माझं मत वाईट होतं: कपडे वाळले तरी यंत्र थांबत नाही, वीज जाते. आता ते मत बदललं आहे. ड्रममधल्या दोन स्टीलच्या पट्ट्या कपड्यांतून वीज किती वाहते यावरून ओल ओळखतात. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर कपड्यांत मीठ राहतं, वीज जास्त वाहते आणि सेन्सरला कपडे ओलेच वाटतात. तेच मीठ कपाटात पुन्हा दमटपणा ओढतं, म्हणून वाळवलेली चादर दोन दिवसांत सर्द लागते. शेवटचं खळबळणं नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात केलं आणि पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या की ऑटो प्रोग्रॅम नीट थांबतो. फॅब्रिक सॉफ्टनरचा थरही पट्ट्यांवर आणि लिंट फिल्टरवर बसतो. फिल्टरवर पाणी ओता. ते जाळीवर थांबलं तर मऊ ब्रश आणि साबणाने धुवा, पूर्ण वाळवून मगच बसवा.

विजेचा हिशेब. तीन किलो सुती कपडे वॉशिंग मशीनमध्ये ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) पिळले तर सुमारे दोन लिटर पाणी उरतं. ते उडवायला यंत्र दोन युनिटच्या आसपास घेतं. १२०० आरपीएमवर पिळले तर सुमारे १.६ लिटरच उरतं, म्हणून ड्रायर नंतर, वॉशिंग मशीनचा वेग आधी. रोज एक फेरी म्हणजे महिन्याला ६० युनिट, आणि महावितरणच्या ३०० युनिटच्या पायरीजवळ असलेल्या घराला ते बोचतात. पावसाळ्यात व्होल्टेज १९० वर आलं तर २००० वॅटचा हीटर १३६५ वॅटच देतो. त्या दिवशी वेळ लागला म्हणून यंत्राला दोष देऊ नका.

ड्रायर पडवीत ठेवू नका. तो हवा ओढणारं यंत्र आहे, पडवीत ठेवला तर मीठच ओढेल. आतल्या खोलीत, समुद्राकडची खिडकी बंद आणि आतलं दार उघडं, अशी जागा बरी. लहान ड्रायर भिंतीला टांगणाऱ्यांनी चिऱ्याच्या भिंतीत साधे अँकर फास्टनर ठोकू नयेत. जांभा मऊ असतो, थरथरीने भोक मोठं होतं, आणि गंजलेला बोल्ट फुगून चिरा फोडतो. आरपार बोल्ट आणि मागे पट्टी, किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट).

मेच्या मध्यात आणि ऑक्टोबरअखेर मागचं झाकण उघडून एक इंची रंगाच्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने लिंट काढा. ब्लोअरने फुंकलं तर ते मोटरमध्ये जातं. बाहेरचा पत्रा गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून, वाळवून, गाडीचं वॅक्स लावा, खालच्या कडेला जास्त. पीसीबीच्या कनेक्टरवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात चालतो, हीटरच्या टोकांवर नाही.

हीट पंप ड्रायर, म्हणजे फ्रिजसारख्या गॅसच्या यंत्रणेवर चालणारा, जवळजवळ निम्म्या विजेत काम करतो, हे खरं. पण त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांची कॉइल असते, ती खाऱ्या हवेत पोखरली की गॅस जातो, आणि तालुक्याच्या गावात तिची दुरुस्ती मिळणं कठीण. लाटांचा आवाज घरात येत असेल तर मी व्हेंटेडच घ्या म्हणेन. किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत असाल आणि वर्षभर वापर असेल तर हीट पंप परवडतो.

वॉरंटी असतानाच थर्मल फ्यूज, थर्मोस्टॅट, बेल्ट आणि मोटरचा कॅपॅसिटर मागवून ठेवा. मोटर नुसती गुणगुणते आणि हाताने ढकलल्यावर ड्रम फिरतो, तर कॅपॅसिटर कमजोर झालेला असतो. काढण्याआधी तो डिस्चार्ज करा आणि छापलेल्या मायक्रोफॅरडशी ताडून बघा. पार्ट मागवताना मॉडेल आणि सीरियल नंबर लागतो, आणि तो मागच्या पाटीवर असतो. पाटी गंजून पुसट होण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.