जॅक रसेल कुत्र्याला हा हार्नेस (छातीभोवती घालायचे पट्टे) घेताय? आधी टेपने छाती मोजा

आठ महिने रोज वापरून लिहितेय. हार्नेस वाईट नाहीये, कापड मऊ आहे, शिलाई अजून एका ठिकाणी उसवली नाही. पण घरात जॅक रसेल असेल तर पाकिटावरचं वजन बघून साईज घेऊ नका. आमची गोटी सहा किलोची, पाकिटावर सहा ते नऊ किलोला स्मॉल, म्हणून स्मॉल घेतला आणि तिसऱ्याच दिवशी बाईसाहेब त्यातून बाहेर. उंदराच्या बिळात नाक खुपसून बसलेली, मी समोर जाऊन लीश ओढली, तिने हनुवटी खाली घातली, पुढचे दोन्ही पाय ताणले आणि उलटी मागे सरकली, स्वेटर काढावा तसा अख्खा हार्नेस कानांवरून निघून आला. माझ्या हातात लीश आणि रिकामा हार्नेस, गोटी परत बिळाशी. रस्ता जवळ नव्हता म्हणून निभावलं.

खरं तर हे मला आधी सुचायला हवं होतं, कारण ही जातच बिळात शिरून परत यायला घडवलीय. इंग्लंडात डेव्हनमधले जॉन रसेल नावाचे पाद्री, एकोणिसाव्या शतकातले, त्यांनी कोल्ह्याच्या शिकारीसाठी हे टेरियर वाढवले. कोल्हा बिळात दडला की याने मागोमाग आत जायचं, कोल्ह्याला मारायचं नाही, भुंकून भुंकून बाहेर पळवायचं. पांढरा रंगसुद्धा त्यासाठीच, धावपळीत कोल्हा कुठला नि कुत्रा कुठला ते लांबून कळावं. आता बिळात वळायला जागा कुठली, त्यामुळे आलं तसं उलटं मागे सरकता आलंच पाहिजे. म्हणून छाती अरुंद आणि बरगड्या दबणाऱ्या. जातीच्या स्टँडर्डमध्येच (जातीचे अधिकृत निकष) आहे की कोपरांच्या मागे छाती दोन हातांच्या पंजात मावली पाहिजे, घेर साधारण 40 ते 43 सेंटीमीटर. उंची 25 ते 30 सेंटीमीटर आणि उंचीच्या दर 5 सेंटीमीटरला एक किलो वजन असा हिशोब. त्याच वजनाचा पग बघा, पिंपासारखा गोल, त्याला स्मॉल घट्ट बसेल. गोटीची छाती निघाली 41, मग एक साईज लहान मागवली, तेव्हा कुठे बसला.

आवडलं ते म्हणजे छातीवरचा वाय आकार. आधीच्या हार्नेसची पट्टी खांद्यांवरून आडवी जायची, पाय पुढे टाकताना अडखळायची, यात गोटी अंगात हार्नेस असताना मस्त खणते (आमच्या कुंड्यांना विचारा). पाठीवरचं हँडल तर देवासारखं आहे, मागे खेचायला सोपं पडतं, फक्त त्याने उचलून लोंबकळवू नका.

वैताग दोन. बकलमध्ये माती गेली की ते लागत नाही, ब्रश घेऊन बसावं लागतं, आणि पट्टी रोज जरा जरा सैल होते, दर दोन दिवसांनी ओढून घ्यावी लागते, नाहीतर परत स्वेटर. कंपनीने बरगड्या संपतात तिथे, कमरेपाशी, तिसरी पट्टी दिली असती तर मागे सरकून निघालाच नसता, तसे हार्नेस मिळतात. मोठ्या, शांत कुत्र्यांना याची गरज नसेल, पण इथे काम टेरियरशी आहे.

पाचपैकी साडेतीन. मी हार्नेसची कडी आणि कॉलर यांच्यामध्ये एक छोटी जोडपट्टी अडकवलीय, परवा परत तीच कसरत करून बघितली तिने, कानांपर्यंत आला आणि अडकला, मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच चीटिंग केली.