कॅडवर काही महिने: शोध झकास, राउटर बेजार

राउटर परवा पुन्हा आडवा झाला, म्हणून लिहितोय. ईम्यूल जातीचा क्लायंट (लोकांच्या संगणकांमधून थेट फाइली घेण्या-देण्याचा प्रोग्राम) गेले काही महिने फक्त कॅडवर, म्हणजे मधल्या सर्व्हरशिवाय फाइल शोधणाऱ्या त्याच्या जाळ्यावर चालवतोय, सर्व्हरची यादी केव्हाच पुसली. डाउनलोडच्या रांगा आणि त्यांत पुढे सरकवणाऱ्या क्रेडिटबद्दल सगळेच लिहितात, मी शोधाबद्दल बोलतो.

2000 सालचं ग्नूटेला, फाइली वाटायचं असंच जुनं जाळं, म्हणजे गावभर दवंडी. प्रत्येकाला चार शेजारी धरले तर शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे अशा सात उड्यांत एक प्रश्न चार हजारांवर संगणकांना त्रास देणार, फाइल मिळो न मिळो. कॅडमध्ये शब्दाचा 128 बिटांचा हॅश (शब्दापासून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा) निघतो आणि त्याच्या जवळचा क्रमांक असलेल्या नोडपर्यंत, म्हणजे त्या शब्दाच्या फाइलींची नोंद ठेवणाऱ्या संगणकापर्यंत, मोजक्या टप्प्यांत पोचता येतं. डेटा मोजून वापरणाऱ्या माझ्यासारख्या चिकटाला आणखी काय हवं? पहिल्या महिन्यात पाच तारे ठरलेच होते.

मग राउटर गळाठायला लागला. सेवा केंद्राचं उत्तर ठरलेलं: "नवा घ्या." नवा कशाला? ट्रॅफिकचा आलेख तर तळाला चिकटलेला! पण राउटरचं सेशन पान (चालू जोडण्यांची यादी) उघडलं तर यूडीपीच्या, म्हणजे कॅड ज्यातून छोटे निरोप पाठवतं त्या पद्धतीच्या, ओळी संपता संपेनात. दोन चिमुकली पॅकेटं जातात-येतात, पण नॅट टेबलात (कोणतं पॅकेट घरातल्या कोणाचं, ही राउटरची वही) त्यांची नोंद उगाच रेंगाळते, आणि स्वस्त राउटरचं टेबल केवढं असणार? यूडीपी टाइमआउट, म्हणजे अशी नोंद पुसायची मुदत, कमी केला, तेव्हापासून बरं चाललं होतं. परवा वीज गेली आणि सेटिंग मूळपदावर आलं. हा राग राउटरवर, कॅडवर नाही.

कॅडवरचा राग वेगळा आहे. शोधात चार शब्द टाका, पण कोणत्या नोडकडे जायचं ते पहिलाच शब्द ठरवतो. बाकीचे नुसते चाळणीला. 'लिनक्स' आधी टाकलं की सगळे त्याच खचाखच भरलेल्या नोडांवर जाऊन आदळतात आणि जुनी आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची फाइल) सापडत नाही. तेच शब्द उलटे लिहून डिस्ट्रोचं (लिनक्सच्या त्या अवताराचं) आडवळणी नाव पुढे आणलं की लगेच हजर! शोधाच्या चौकटीखाली एक ओळ लिहायला काय जातं, 'दुर्मिळ शब्द आधी लिहा' म्हणून? सगळ्या शब्दांसाठी वेगवेगळे शोध सोडले तर ट्रॅफिक तितक्या पट वाढेल, हे मान्य. तसलं काही मी मागतच नाही. एक ओळ फक्त.

ती येईपर्यंत चार तारे.