कुंडीत पुदिना, कुंपणाला करवंद की अंगणात रानफुलं? गोव्यातल्या फेब्रुवारी ते मेचा हिशेब

शिगमो, म्हणजे गोव्याचा शिमगा, जवळ आला की रोपवाटिकांत गर्दी वाढते. पहाटेची थंडी अजून पुरती गेलेली नसते, मांडून ठेवलेली रोपं टवटवीत दिसतात आणि घरी एक कोपरा रिकामा असतो. तो कोपरा स्वयंपाकातल्या सुवासिक पानांना द्यायचा, बेरीवर्गीय फळांना द्यायचा की रानफुलांना, हे ठरवताना बहुतेक जण जागा मोजतात. आमच्या मते आधी पाणी मोजावं.

गोव्यात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. एप्रिल-मेमध्ये एखादी आंबेसरी सोडली तर फेब्रुवारीपासून झाडं तुमच्या बादलीवर जगतात, आणि नेमकं तेव्हाच विहिरीचं पाणी खाली जातं. थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत वसंतात जे जे पेरायला सांगितलेलं असतं, त्यातलं बरंचसं आपल्याकडे ऑक्टोबरात किंवा जूनमध्ये पेरायचं असतं.

आकडे असे धरा. उन्हातल्या १२ इंची कुंडीला एप्रिलमध्ये रोज दीड ते दोन लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा कुंड्यांना रोज एक मोठी बादली. जमिनीतल्या तुतीच्या झाडाला तीन-चार दिवसांनी १५ ते २० लिटर पुरतात. नव्या करवंदाला पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा ५ लिटर द्यावे लागतात. मुळं चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भेगांत शिरली की पुढे त्याला काहीच लागत नाही. रानफुलांपैकी बहुतेकांना या महिन्यांत पाणी लागत नाही, कारण ती जमिनीखाली कंद किंवा बी होऊन झोपलेली असतात.

पानं: सर्वांत लवकर हाती येणारी, सर्वांत जास्त लक्ष मागणारी

बाल्कनी एवढीच जागा असेल तर निर्णय सोपा आहे, पानंच लावा. मात्र कुठली लावता यावर सगळं अवलंबून आहे.

कोथिंबिरीचा काळ फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपत आलेला असतो. ऊन तापू लागलं की ती पानं सोडून फुलांच्या मागे लागते. तिच्याकडे जवळून पाहिलं तर आधीच कळतं: नवी पानं शेपूसारखी बारीक चिरलेली येऊ लागतात आणि मधला दांडा ताठ होतो. असं दिसलं की खत-पाण्यानं ती मागे फिरत नाही. त्याच दिवशी कापून वापरा, नाहीतर धणे धरू द्या. जानेवारी अखेरपर्यंत पेरायची असेल तर धणे लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा, ८ ते १२ तास भिजवा आणि एक सेंटिमीटर खोल पेरा. ८ ते १२ दिवसांत उगवतात.

पुदिना बाजारातल्या जुडीतूनच होतो. जाडसर ८-१० सेंटिमीटरच्या काड्या घ्या, खालची पानं काढा आणि पाण्यात ठेवा. पाणी एक दिवसाआड बदललं की आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. त्याला खोल कुंडी नको, १५ सेंटिमीटर खोल पण पसरट टब हवा, कारण त्याची खोडं आडवी धावतात. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली असा कोपरा द्या. पानाच्या पाठीवर नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा समजा. सगळं मातीपर्यंत कापा आणि कापलेलं खताच्या खड्ड्यात टाकू नका.

पानओवा आणि गवती चहा ही आपल्या हवेची खरी पानं. पानओव्याची १० सेंटिमीटरची फांदी एक दिवस सावलीत सुकू द्यायची आणि मग लावायची. वरची तीन सेंटिमीटर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. तो मरतो तो बहुधा पाण्यानंच: खोड बुडाशी मऊ आणि काळं पडतं. पिझ्झा-पास्त्यावर ओरेगानो हवा म्हणून धडपडणाऱ्यांनी पानओवा बारीक चिरून, निम्म्या मापानं घालून पाहावा, त्याचा वास तिखट असतो. गवती चहाचं ठोंब फोडून तीन-चार फुटवे एकत्र लावा, दोन ठोंबांत दीड-दोन फूट ठेवा आणि कापताना बुडापासून १०-१५ सेंटिमीटर राखा. समुद्राकाठच्या घरांत पात्यांची टोकं खाऱ्या वाऱ्यानं करपतात. तिथे संध्याकाळी पानांवरून साध्या पाण्याचा फवारा मारल्यास फरक पडतो.

रोझमेरी, थाइम आणि लॅव्हेंडर फेब्रुवारीत रोपवाटिकेत फार सुंदर दिसतात. त्यांची मुळं कोरडी राहायला हवीत आणि आपली हवा दमट. अर्धी माती, अर्धी चिऱ्याची बारीक खडी असं मिश्रण करून ती मेपर्यंत निभावतात, पण जूनमध्ये पक्क्या छपराखाली नेली नाहीत तर मुळं कुजून संपतात. छप्पर असलेला, वारा खेळता सज्जा नसेल तर पैसे घालू नका. विलायती बेझिललाही दमट हवेत केवडा रोग होतो: पानावर पिवळे पट्टे, खाली राखाडी-जांभळी बुरशी. त्याच कुळातला आपला सब्जा जास्त काटक आहे. सब्जा असो की तुळस, मंजिऱ्या दिसताच खुडल्या तरच पानं येत राहतात.

बेरी: आधी काय घेऊ नये

ब्लूबेरीचं रोप गोव्यात घेऊ नका. आपल्या जांभ्या मातीचा आम्लपणा तिला मानवेलही, पण फुलायला तिला ७ अंशांखालची थंडी शेकडो तास लागते आणि इथे पारा तिथवर उतरतच नाही. कमी थंडीच्या जातींचाही इथे भरवसा नाही. स्ट्रॉबेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावून मार्चपर्यंत खाता येते. फेब्रुवारीत फळांसकट विकत घेतलेलं रोप मात्र महिन्या-दीड महिन्यात उन्हानं बसतं.

खरी निवड तुती आणि करवंद यांच्यात आहे, आणि दोघांचे स्वभाव अगदी उलटे.

तुती घाई असणाऱ्यांसाठी. पेन्सिलएवढ्या जाडीची, २०-२५ सेंटिमीटर लांबीची, तीन-चार डोळ्यांची काडी घ्या, दोन डोळे मातीत गाडा आणि सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. पहिल्याच वर्षी थोडी फळं दिसतात. कुंडीतच ठेवायची असेल तर १८ इंचांहून लहान कुंडी चालणार नाही.

तुतीचं फळ नव्या फुटीवर येतं, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून झाड उंच वाढतं, हिरवंगार राहतं आणि फळांची वाट बघत वर्षं जातात. छाटणी करा: प्रत्येक फांदीचा शेवटचा एक तृतीयांश कापायचा आणि उरलेली पानं हातानं ओरबाडून काढायची. पंधरवड्यात डोळे फुटतात आणि पानाच्या बगलेत हिरवी, केसाळ, अळीसारखी बारीक फळं बाहेर येतात. साधारण दीड-दोन महिन्यांत ती काळी होतात. गोव्यात डिसेंबरच्या सुरुवातीला एक आणि फेब्रुवारीच्या मध्याला दुसरी छाटणी करावी. मेमध्ये छाटलं तर फळ पावसात सापडतं, पाणचट होतं आणि फांदीवरच बुरशी धरतं.

बुलबुल आणि कोकीळ तुमच्या आधी पोचतील. झाडावर पातळ नायलॉनची सैल जाळी टाकू नका, तिच्यात पाखरं आणि धामणी अडकून मरतात. पिकणाऱ्या फांद्यांना जुन्या सुती साडीच्या पिशव्या बांधा, उरलेलं झाड पाखरांना सोडा. तुती सोकपिट आणि पाइपांपासून तीन मीटर दूर लावा, आणि फरशीवर फांद्या येणार नाहीत असं पाहा, कारण तो जांभळा डाग सहज निघत नाही.

करवंद, म्हणजे कोकणीत कांटां, हे सबुरीचं झाड. मेमध्ये बाजारात पानांच्या द्रोणांतून करवंदं येतात तेव्हा मोठ्या, गोड फळांच्या बिया वेगळ्या काढा. गर धुऊन एक दिवस सावलीत वाळवा आणि आठवड्याच्या आत पिशवीतल्या मातीत एक सेंटिमीटर खोल पेरा. हे बी जपून ठेवलं तर उगवण झपाट्यानं घसरते. पुढच्या जूनमध्ये दीड फुटी खड्ड्यात, कुंपणासाठी मीटर-मीटरवर लावा. फळ तीन-चार वर्षांनी येतं. बियांपासूनची झाडं सारखी निघत नाहीत, एखादं आंबटच निघणार, म्हणून हवी तितकी लावून वर दोन-तीन जास्त लावावीत. फांद्यांच्या टोकांवर फूल येतं, म्हणून छाटणी फळं संपल्यावर लगेच, जून-जुलैमध्ये करा. जानेवारीत कुंपण साफसूफ केलं की त्या वर्षीचं लोणचंही गेलं. मुलांच्या खेळायच्या वाटेवर ते लावू नका, काटे लांब आणि कडक असतात.

विहीर असेल आणि वर्षभरात फळ खायचं असेल तर तुती. पाण्याची खात्री नसेल, जमीन उतरती आणि चिऱ्याची असेल तर करवंद. दोन्हींच्या मधली पिटकुळीही (रानटी इक्झोरा) विचारात घ्या: लाल फुलांचे घोस आणि मागाहून येणारी गोडसर लाल फळं. रोपवाटिकेतल्या संकरित इक्झोऱ्यांना बहुधा फळ धरत नाही, म्हणून रोप रानटी झुडपाच्या बियांचं आहे ना, हे विचारून घ्या.

रानफुलं: वसंतात बघायची, पावसाच्या तोंडावर लावायची

इथे स्पष्ट सांगायला हवं. गोव्याच्या सड्यांवरचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवरचा, फुलांचा बहर पावसाचा असतो. वसंतात फुलतात ती धायटी, कुडा, कुसर अशी झुडपं आणि वेली, आणि त्यांचं रोप लावून त्याच मोसमात फूल मिळत नाही. कुसरीचा वेल हवा असेल तर जुलैमध्ये दाबकलम करा: फांदीचं एक पेर खरवडून पाच-सात सेंटिमीटर मातीत दाबा, वर दगड ठेवा, सप्टेंबरात मुळांसकट वेगळं करा.

सड्यावरून रोपं उपटून आणू नका. अभयारण्यात तो कायद्यानं गुन्हा आहे, आणि बाहेरही त्या बोटभर मातीतली झाडं कुंडीत जगत नाहीत. ‘रानफुलांचं मिश्र बियाणं’ म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या पाकिटांत बहुधा कॉसमॉस, झिनिया अशी परदेशी फुलं असतात. त्यातला पिवळा-नारिंगी कॉसमॉस बागेबाहेर पसरून मोकळ्या माळांवर शिरतो, तो टाळलेलाच बरा.

आत्ता, फेब्रुवारीत, फुलंच हवी असतील तर अबोली आणि गोकर्ण. गोकर्णाच्या बीला कानशीनं किंवा नेलकटरनं बारीक चीर द्या, रात्रभर भिजवा, आठवड्याभरात उगवतं आणि दीड-दोन महिन्यांत वेल फुलतो. एप्रिलच्या कोरड्या उन्हात त्यावर लाल कोळी येतो, पानं धुळकट दिसतात. तेव्हा पानांच्या पाठीवर सकाळी जोरात पाणी मारा.

अबोलीच्या फात्या (गजरे) गोव्याच्या देवळांत आणि केसांत रोजच्या, त्यामुळे हिचं शेजारून मिळालेलं रोपच उत्तम. बी धरायचं असेल तर तुऱ्यावरच्या वाळलेल्या, तपकिरी बोंडांवर पाण्याचे थेंब टाका. क्षणभर काही होत नाही, मग टिक् असा आवाज होऊन बोंड उभं फाटतं आणि बी हातभर लांब उडतं. म्हणून तुऱ्याला आधी कापडी पिशवी बांधावी. अबोली अचानक माना टाकू लागली आणि माती ओलीच असली तर रोप उपटून मुळं पाहा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी समजा. त्या मातीत पुन्हा अबोली लावू नका, तिथे एक मोसम झेंडू घ्या. १२ इंची कुंडीला लागवडीच्या वेळी मूठभर निंबोळी पेंड दिली तर हा त्रास कमी होतो. पिठ्या ढेकूण दिसला की आधी मुंग्यांची वाट तोडा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा.

मातीबद्दल थोडं

दोन भाग चाळलेली तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग काथ्याचा भुसा. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांच्या भुशात मीठ असतं आणि पानांच्या कडा त्यानंच जळतात, म्हणून भुसा दोनदा गोड्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. जांभी माती स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते, मुळांना सहज मिळू देत नाही, म्हणून फुलाफळांच्या झाडांना हाडांचं खत द्यावं. डिचोलीच्या मातीच्या कुंडीत मुळं थंड राहतात, पण पाणी लवकर सुकतं. पानओव्याला ती उत्तम, पुदिन्याला प्लॅस्टिकचा टबच बरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गळणारी काजू-फणसाची पानं जाळू नका. झाडाभोवती दोन-तीन इंच पसरा, बुंध्यापासून चार बोटं दूर, नाहीतर वाळवी खोडाला लागते.

कोणी काय निवडावं

तिसऱ्या मजल्यावरची पश्चिमेची बाल्कनी असेल तर ५० टक्के सावलीची जाळी, पानओवा, सब्जा, गवती चहा, एक गोकर्ण, बस्स. रोज घरी कोणी नसेल तर पुदिनाही नको. चार फुटांचं अंगण आणि नळाचं ठरावीक वेळेचं पाणी असेल तर अबोलीचा वाफा आणि जमिनीत एक तुती. मोठं परसू, पण पाणी कमी अशा घरानं या वसंतात रोपं विकत घेऊच नयेत. खड्डे काढावेत, पालापाचोळा साठवावा आणि मेमध्ये करवंदाचं बी धरावं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात हळदीचे डोळे असलेले कंद दोन इंच खोल लावले तर ऑगस्टमध्ये पातोळ्यांना घरची पानं मिळतात. तेरड्याचं बी पहिल्या सरी पडल्यावर नुसतं मातीवर भुरभुरावं आणि हलकं झाकावं. सहा-आठ आठवड्यांत तो फुलू लागतो आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारालाही फुललेला असतो. कळलावीचा कंदही याच वेळी, दोन-तीन इंच खोल, आडवा. त्याच्या प्रत्येक टोकाला एकच कोंब असतो, टोक मोडलं की कंद फुकट जातो. हिचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद तर सर्वांत जास्त. घरात लहान मूल किंवा उकरणारं कुत्रं असेल तर कळलावी लावू नका. त्या कोपऱ्यातही तेरडाच भुरभुरा, माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवाला, तोही शोभतो.