पितळी बॅटरी की अॅल्युमिनियमची?

खानापूरच्या भाच्याला जुन्या बॅटऱ्या, म्हणजे हातातले टॉर्च, जमवायचा नाद लागलाय. परवा बेळगावच्या खडेबाजारातून फोन: "मामा, दोन सेलची पितळी घेऊ की तीन सेलची अॅल्युमिनियमची? पैसे एकीपुरतेच आहेत."

पितळी महागच पडणार. मोडीतही पितळेला भाव, म्हणून तर कितीतरी बॅटऱ्या भट्टीत गेल्या.

टिकायचं म्हणशील तर खरा वैरी आत विसरलेला सेल. तो पाझरला की पितळेवर हिरवट थर चढतो, पण घासून बहुधा निघतो. अॅल्युमिनियमला पांढरी पूड धरते, नळी आतून खाल्ली जाते आणि फुगलेला सेल हलत नाही. माझ्याकडची एक ठोकून ठोकून चेपली. सेल अजून आतच आहे!

बल्ब बघून घे. दोन सेलना २.५ व्होल्टचा, तीनला ३.८ चा. तीन सेलना २.५ चा लावलास तर क्षणभर लख्ख उजेड, मग खेळ खलास.

कपाटात मांडायची, पुढंमागं विकायची, तर पितळी. पावसाळ्यात लाईट गेल्यावर शेताकडं न्यायची, तर तीन सेलची. झोत लांब जातो. मात्र सेल काढून ठेवायला विसरत असशील, तर गुमान पितळीच घे.