पोस्टाची आरडी कास्तकाराच्या पोरापोरींना परवडते का? वर्षभर वापरून आलेला अनुभव

मी दारव्हा तालुक्यातली, बीएस्सी दुसऱ्या वर्षाला, घरी कोरडवाहू कापूस अन् तूर. पोस्टात सेव्हिंग खातं अन् 500 ची आरडी (रिकरिंग डिपॉझिट, म्हणजे दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायची पाच वर्षांची ठेव) काढून आता वर्ष होत आलं. यूट्यूबवर बचतीचं सांगणारे सगळे एक तारखेच्या पगारावर बोलतात, आमच्या घरी एक तारखेला काहीच येत नाही, येतो तो कापसाचा चुकारा, दिवाळीनंतर, एकदम, अन् त्यातलाही निम्मा कृषी केंद्राच्या उधारीत जातो.

म्हणून आरडीत मला सगळ्यात पटलं ते हे की हप्ते आगाऊ भरता येतात. बाबानं कापूस विकला त्याच आठवड्यात मी सहा महिन्यांचे 3000 एकदम भरून टाकले, वरून 50 रुपये सूट भेटली (शंभराच्या हप्त्यामागं सहा महिन्यांना 10, बारा महिन्यांना 40). पोस्टमास्तर काकांनी पासबुकावर ठप्पा मारून दिला अन् पेरणीपर्यंत डोक्याचा ताप गेला. हे कोणी सांगतच नाही, लोकांना वाटते दर महिन्याला भरावंच लागते, अन् हप्ता चुकायच्या भीतीनं पोरं खातंच काढत नाहीत. चुकला तरी शंभरामागं महिन्याला 1 रुपया दंड आहे, फक्त चारच्या वर चुकू देऊ नका, खातं बंद पडते, मग दोन महिन्यांत चालू करून घ्यावं लागते.

व्याज 6.7 टक्के, तुम्ही काढलं तेव्हाचा दर पाचही वर्षं तोच राहतो. 500 चे 60 हप्ते म्हणजे 30 हजार भरायचे, शेवटी 35,683 हातात येतात. लय मोठी रक्कम नाही, पण एमएस्सीची फी अन् रूमचं डिपॉझिट त्यात निघते, सावकाराच्या दारात जायचं काम नाही. गावातल्या भिशीत व्याज जास्त दिसते, पण तिथं पैसे बुडाले तर विचारायचं कोणाला? इथं सरकारची हमी आहे.

कमी काय ते पण सांगते. तीन वर्षं मोडताच येत नाही, अन् नंतर मोडली तर सेव्हिंगचंच व्याज, 4 टक्के. बारा हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्मं कर्ज भेटते, तेवढाच आधार. म्हणून खर्चाचे पैसे यात अजिबात टाकू नका, ते सेव्हिंगमध्येच ठेवा. तिथं 500 शिल्लक पाहिजेच, अन् व्याज 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर लागते, तर टाकायचे असतील तर दहाच्या आत टाका.

स्कॉलरशिप कुठं घ्यायची हे पण बघा. माझ्या मैत्रिणीचं एका बँकेत साधं खातं होतं, स्कॉलरशिप जमा झाली अन् मिनिमम बॅलन्सचे चार्जेस त्यातूनच कापले, मायनं दिवसभर कापूस वेचून जेवढे आणले असते तेवढे. बँकेत जायचंच असेल तर बेसिक सेव्हिंग खातं मागा, त्याला शिलकीची अट नसते अन् ते द्यावंच लागते, कोणी टाळलं तर नाव घेऊन मागा.

पोस्टात खातं काढायला आधार, पॅन अन् फोटो घेऊन जा. दहा वर्षांवरच्या पोराला स्वतःच्या नावानं काढता येते, हप्ता 100 पासून. माझा भाऊ आठवीत आहे, औंदा तुरीचा चुकारा आला की त्याची काढतोय, बारा महिन्यांचे एकदम भरून.